जुनी जेट बोट घ्यायची आहे: इंजिन आणि जेट युनिटची अवस्था कशी ओळखावी?

कृष्णाकाठ (क्राइस्टचर्च)

नमस्कार. मी मूळचा सांगलीचा. गेली नऊ वर्षे न्यूझीलंडमध्ये राहतो. वायमाकारिरी आणि रकाया या नद्यांवर मित्रांच्या जेट बोटींतून पुष्कळ फिरून झाले आहे आणि आता स्वतःची एखादी जुनी बोट घ्यावी, असे मनाने घेतले आहे. ट्रेड मी या इथल्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर एक बोट पाहिली आणि मागच्या रविवारी मालकाच्या घरी जाऊनही आलो. ॲल्युमिनियमची, सुमारे पाच मीटर लांबीची बोट आहे. शेवरोलेचे ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचे व्ही-८ पेट्रोल इंजिन आणि हॅमिल्टनचे २१२ हे जेट युनिट, म्हणजे पाण्याची धार मागे फेकून बोट पळवणारा पंप, बसवलेले आहे. मागणी साडेबावीस हजार डॉलरची आहे. इंजिन चाललेल्या तासांचा मीटर ४१० दाखवतो, परंतु तो मध्यंतरी एकदा बदलला होता, हे मालकाने आपणहून सांगितले.

मोटारीच्या इंजिनाचे मला थोडेफार कळते. प्लग, ऑइल, कॉम्प्रेशन हे शब्द परके नाहीत. जेट युनिट मात्र माझ्यासाठी बंद पेटी आहे. मालकाने अंगणात ट्रेलरवरच पंधरा-वीस सेकंद इंजिन चालू करून दाखवले; आवाज चांगला वाटला, पण तेवढ्यावर एवढी रक्कम मोजण्याचे धाडस होत नाही. पुढच्या आठवड्यात नदीवर नेऊन दाखवायला तो तयार आहे. त्या अर्ध्या-पाऊण तासात नेमके काय पाहावे, आणि बोट ट्रेलरवर असताना जेट युनिटची झीज ओळखता येते का? अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

दहा-अकराचा पाना (टिमारू)

तासांचा मीटर बदलला नसता तरी मी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नसते. स्वच्छ तलावात चाललेले ४०० तास आणि रकायाच्या राखाडी, हिमनदीचा गाळ वाहणाऱ्या पाण्यात चाललेले ४०० तास यांची तुलनाच होऊ शकत नाही. तो गाळ म्हणजे पाण्यात कालवलेला पॉलिश पेपर आहे आणि जेट युनिट ते पाणी सेकंदाला शेकडो लिटर या हिशेबाने आपल्या पोटातून काढते. तेव्हा मालकाला तास विचारण्यापेक्षा बोट कोणत्या नद्यांवर जास्त चालली आणि वेअर रिंग शेवटची कधी बदलली, हे विचारा. पावती असेल तर उत्तम. नसेल तर झीज स्वतः मोजावी लागेल आणि ती ट्रेलरवर मोजता येते.

आधी रचना थोडक्यात सांगतो. तळाच्या जाळीतून पाणी आत येते, इंपेलर त्याला मागे ढकलतो, स्टेटरच्या स्थिर पात्यांमुळे पाण्याचा पीळ निघतो आणि मग नोझलमधून धार बाहेर पडते. इंपेलर ज्या कड्याच्या आत फिरतो ती वेअर रिंग. इंपेलरच्या पात्यांची टोके आणि ही रिंग यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. ती वाढली की दाबाखालचे पाणी त्या फटीतून उलटे पुढे सरकते आणि इंजिन नुसतेच ओरडत राहते. बिल हॅमिल्टन यांनी १९५४ च्या सुमारास मॅकेन्झी प्रदेशातल्या आयरिशमन क्रीक इथे ही कल्पना उभी केली ती गोट्यांच्या उथळ नद्यांसाठीच. त्यामुळे या युनिटने रेती-गोटे खाणे हा अपघात नाही, तो त्याचा रोजचा आहार आहे. खरेदीदाराने या आहाराचा परिणाम मोजायचा असतो.

आता मोजायचे कसे? बॅटरीची तार काढा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. हात आत घालण्यापूर्वी यात सवलत नाही. बहुतेक बोटींत इंजिन आणि जेट यांच्यामध्ये गिअरबॉक्स नसतो, शाफ्ट थेट जोडलेला असतो, म्हणून इंपेलर हाताने फिरवायचा तर आठही प्लग काढून ठेवावे लागतात. प्लग निघालेच आहेत तर त्याच बैठकीत कॉम्प्रेशनही घ्या. त्यासाठी स्टार्टर फिरवावा लागतो आणि त्याबरोबर इंपेलरही फिरतो, म्हणून ते काम जेटमध्ये हात घालण्यापूर्वी उरका आणि मग तार काढा. नंतर बोटीखाली चटई टाकून आडवे व्हा, टॉर्च लावा आणि जाळीच्या गजांमधून किंवा वरच्या तपासणीच्या झाकणातून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) पात्याच्या टोकाशी घाला. वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे अशी चार ठिकाणी फट मोजा, आकडे कागदावर लिहा आणि त्या मॉडेलच्या पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहा. चारही आकडे सारखेच वाढलेले असतील तर ती सरळ झीज आहे, रिंग बदलली की काम भागते. आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर प्रकरण बेअरिंगकडे किंवा शाफ्टच्या रेषेकडे जाते, आणि तिथे खर्च वाढतो.

पात्यांच्या पुढच्या कडेवरून हाताचे बोट हलकेच फिरवा. विळीच्या पात्याला दाते पडावेत तशी ती खडबडीत लागली, किंवा कानशीने घासून बोथट, गोल झालेली दिसली, तर पाणी त्या कडेवर नीट कापले जात नाही, तिथे बुडबुडे तयार होतात आणि धक्का कमी होतो. दोन-चार लहान खाचा प्रत्येक नदीच्या बोटीत सापडतील, त्यांचे वाईट वाटून घेऊ नका. पाते वाकलेले असेल किंवा वेल्डिंगने भरून काढलेले असेल तर मात्र इंपेलर संतुलित करून घेतला होता का, हे विचारा.

अंगणात इंजिन चालू करून दाखवण्याबद्दल एक सांगावेसे वाटते. अनेक युनिटांमध्ये शाफ्टचे मागचे बेअरिंग रबराचे असते आणि त्याला पाण्याचेच वंगण मिळते. कोरड्यावर पाच-दहा सेकंदांनी आभाळ कोसळत नाही, पण जो मालक प्रत्येक गिऱ्हाईकाला मिनिटभर इंजिन चालवून दाखवतो, तो ते बेअरिंग गिऱ्हाईकांच्या देखतच जाळत असतो. शिवाय पंधरा सेकंदांत इंजिनाचेही काही कळत नाही. तुम्ही जाल त्या दिवशी इंजिन गार असायला हवे. पोहोचल्याबरोबर झाकण उघडून ब्लॉकला हात लावा. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन सुरू होण्याचा त्रास लपवते.

नदीवरचा मुख्य प्रयोग असा आहे, आणि तो नीट समजून घ्या, कारण इंजिनाचा दोष आणि जेटचा दोष वेगळे करणारी याहून सोपी युक्ती मला ठाऊक नाही. विशिष्ट इंपेलर विशिष्ट फेऱ्यांना ठरावीक शक्ती खातो, आणि बोटीचा वेग कितीही असला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. ही शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समजा त्या जोडीने पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला ४४०० फेरे गाठणे अपेक्षित आहे आणि प्रत्यक्षात सुई ४००० वर अडकते. फरक दिसायला नऊ टक्क्यांचा आहे, पण घन केल्यावर इंजिन अपेक्षेच्या पाऊणपटच शक्ती देत आहे, असा त्याचा अर्थ होतो. म्हणजे इंजिन दमलेले आहे. उलट सुई ४७०० च्या पुढे गेली आणि तरीही बोट संथ असेल, तर इंपेलरला पुरेसे पाणी पकडायला मिळत नाही; रिंग झिजली आहे, पाती खराब आहेत, जाळीत गवत किंवा गोटा अडकला आहे, नाहीतर कुठून तरी हवा आत शिरते आहे. म्हणून निघण्यापूर्वी आणि परतल्यावर जाळी स्वच्छ असल्याची खात्री करा, नाहीतर पाणगवताच्या एका जुडग्यासाठी तुम्ही रिंगचे पैसे कापून मागाल.

अपेक्षित फेरे किती, हे मालकाला माहीत असायला हवे. इंपेलरचा प्रकार कळला तर विक्रेत्याच्या तक्त्यावरूनही काढता येते. फेऱ्यांचा मीटर जुना असेल तर स्वतःचा फोटो-टॅकोमीटर न्या. वेग मोबाइलच्या जीपीएसवर पाहा, एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा प्रवाहाविरुद्ध, आणि दोन्हींची सरासरी घ्या. किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत पाच नॉटची सर्वसाधारण मर्यादा आहे, तेव्हा जिथे जेट बोटींना त्यातून सूट आहे असाच पट्टा निवडा.

तळाकडे दुर्लक्ष करू नका. जाळीच्या पुढचा मीटर-दीड मीटर भाग सपाट आणि स्वच्छ असायला हवा. तिथे पोचा पडला असेल किंवा कुणी हौसेने पट्टी वेल्ड केली असेल, तर तिच्यामागून हवेचे बुडबुडे थेट जाळीत जातात आणि माणूस वर्षभर निर्दोष इंपेलर बदलत बसतो. जेट युनिट जिथे तळाला आणि मागच्या भिंतीला जोडलेले आहे तिथल्या वेल्डिंगवर केसासारख्या भेगा शोधा. ट्रेलरची चाके उचलून फिरवून पाहा आणि त्याचे वॉरंट ऑफ फिटनेस (रस्त्यावर चालवण्याजोगा असल्याचा दाखला) व नोंदणी चालू आहे ना, एवढे बघितले की पुरे.

तेकापोची काकू

वरच्या प्रतिसादात सगळे आले आहे, फक्त थंडी राहिली. आम्ही मॅकेन्झीत राहतो. हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. आमची पहिली बोट आम्ही ऑक्टोबरमध्ये घेतली, दिसायला अगदी नवरीसारखी होती. इंजिन नदीच्या पाण्यानेच थेट गार होणारे होते, आणि आधीच्या मालकाने एका हिवाळ्यात ब्लॉकमधले पाणी काढलेले नव्हते. गोठलेल्या पाण्याने ब्लॉकच्या कुशीत, एग्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली, आडवी भेग पाडली होती. तिच्यावर राखाडी पुट्टी भरून इंजिनाच्याच रंगाचा हात मारलेला होता. डिसेंबरमध्ये तिसऱ्या फेरीत डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखे, म्हणजे पाणी मिसळलेले ऑइल आले, तेव्हा उलगडा झाला.

म्हणून माझे सांगणे असे की दाढीचा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन मॅनिफोल्डच्या खालचा पट्टा दोन्ही बाजूंनी पाहा. बाकी इंजिन मळके असताना तेवढाच भाग नव्या रंगाचा दिसला, तर का रंगवला, ते विचारा. भेग आतल्या बाजूला असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही. त्यासाठी इंजिन पूर्ण गरम करून आणल्यावर अर्ध्या तासाने डिपस्टिक पुन्हा काढून पाहा, आणि शक्य असल्यास पाण्याच्या मार्गाला दाब देऊन तो टिकतो का, हे गॅरेजवाल्याकडून तपासून घ्या. तापमानाची सुई कायम तळाशी असेल तर खूश होऊ नका. इंजिनाचे तापमान राखणारे थर्मोस्टॅट काढून टाकलेले असू शकते, आणि सतत गार चालणाऱ्या इंजिनात ऑइलमध्ये पाणी साठत जाते व सिलिंडर लवकर झिजतात.

बोटीवर कुणाचे कर्ज नाही ना, हे पीपीएसआर या सरकारी नोंदवहीत किरकोळ शुल्कात पाहता येते. आम्ही ते पाहिले होते, भेग पाहिली नव्हती. खासगी विक्रीला ग्राहक हमीचा कायदा लागू होत नाही. मालकाने खोटे सांगितल्याचे सिद्ध करता आले तरच कराराच्या कायद्याखाली काही मागता येते. तेव्हा त्याचे म्हणणे ईमेलवर लेखी घ्या.

खारेपाणी (मालवण)

माझा हात जेट बोटींवर बसलेला नाही, पण किनाऱ्यावर जेट स्की आणि आउटबोर्डची कामे वीस वर्षे करतो आहे, म्हणून एकाच गोष्टीपुरते लिहितो. ही बोट कधी समुद्रात उतरली होती का, हे मालकाला विचारा आणि उत्तर काहीही आले तरी स्वतः पाहा. ॲल्युमिनियमचे युनिट आणि स्टेनलेस स्टीलचा इंपेलर खाऱ्या पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते. ते होऊ नये म्हणून झिजायला दिलेले धातूचे तुकडे, म्हणजे ॲनोड, युनिटवर लावलेले असतात. अर्धा झिजलेला ॲनोड मला आवडतो, कारण तो काम करत असतो. समुद्रात वापरलेल्या बोटीवर दोन वर्षांचा ॲनोड नव्यासारखा कोरा दिसला, तर एक तर त्याचा धातूशी संपर्क तुटलेला आहे किंवा कुणी त्याच्यावरूनही रंग मारला आहे. दोन्ही वेळा त्याच्याऐवजी युनिट झिजत असते. रंगाखाली फोड आलेले दिसले तर नखाने खरवडा. आत पांढरी पूड निघाली की किती खोल गेले आहे, ते कळेपर्यंत पैसे काढू नका. बोट मागे नेण्यासाठी धार उलटी फेकणाऱ्या बकेटच्या बिजागरीच्या खिळ्या आणि सुकाणूची केबल या दोन जागा सर्वांत आधी गंजून जाम होतात, त्या हाताने हलवून पाहा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल जाऊन आलो. सकाळी साडेसातला पोहोचलो, ब्लॉक बर्फासारखा गार होता. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झाले. आरशाने दोन्ही बाजू पाहिल्या. सगळीकडे सारखाच मळ आहे, नवा रंग कुठेही नाही. बोट फक्त नदीत आणि तलावात चालली आहे, असे मालक म्हणतो, आणि ॲनोडही थोडे झिजलेले, साफ संपर्कातले दिसले.

नदीवर पूर्ण थ्रॉटलला सुई ४७५० पर्यंत गेली. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे ती ४४०० वर थांबायला हवी. दोन्ही दिशांची सरासरी ताशी ६१ किलोमीटर आली, आणि नवी असताना बोट ७५ ने जात होती, असे तो स्वतःच म्हणाला. जाळी आधी आणि नंतर पाहिली, स्वच्छ होती. तापमान ७० अंशांच्या आसपास स्थिर राहिले. परत आल्यावर अर्ध्या तासाने डिपस्टिक काढली, ऑइल काळे पण एकजीव होते.

मग प्लग काढून कॉम्प्रेशन घेतले. आठही सिलिंडर चौरस इंचाला १४८ ते १५७ पौंडांच्या दरम्यान आहेत. शेवटी बॅटरी सोडवून बोटीखाली गेलो. फट डावीकडे आणि उजवीकडे साधारण १.१ मिलिमीटर, वर १.९ आणि खाली फक्त ०.३. मला वाटले माझ्याच हाताची चूक, म्हणून पुन्हा मोजले, आकडे तेच. मग लाकडी ठोकळा टेकवून इंपेलर खालून किंचित उचलला, तर तो चक्क वर सरकला आणि वरची फट कमी झाली. मालक शेजारी उकिडवा बसून पाहत होता. तोही गप्प झाला. याचा अर्थ काय लावावा?

दहा-अकराचा पाना (टिमारू)

अर्थ सरळ आहे. मागच्या बेअरिंगचे रबर गेले आहे, शाफ्टचे टोक स्वतःच्या वजनाने खाली बसले आहे आणि चालताना इंपेलर रिंगला एका अंगाने घासतो आहे. रिंग नवी घालून फट भरून काढण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कारण बेअरिंग तसेच ठेवले तर नवी रिंग पहिल्याच हंगामात तशीच खरवडली जाईल. बेअरिंग, रिंग आणि सील ही तिन्ही एकाच वेळी बदलावी लागतील, आणि युनिट उघडल्यावर शाफ्टवर बेअरिंगच्या जागी खोबण पडली आहे का, हे पाहावे लागेल. खोबण नखाला अडकली तर शाफ्टचाही खर्च धरा. पुढच्या थ्रस्ट बेअरिंगची, म्हणजे शाफ्टचा लांबीच्या दिशेचा धक्का पेलणाऱ्या बेअरिंगची, खात्री इतक्यात देता येत नाही. शाफ्ट पुढे-मागे ढकलून खेळ किती आहे, ते पाहा.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. फेरे जास्त गेले म्हणजे इंजिन जोरदार आहे, असे समजू नका. झिजलेले जेट कमी शक्ती खाते, त्यामुळे दमलेले इंजिनही त्याच्यावर तरुण दिसते. तुमच्या बाबतीत कॉम्प्रेशनचे आकडे एकमेकांजवळ आहेत आणि ऑइल साफ आहे, म्हणून मला इंजिनाची काळजी कमी वाटते. तरी खरी परीक्षा जेट दुरुस्त झाल्यावरच होईल. तेव्हा व्यवहार करताना मालकासमोर दोन पर्याय ठेवा. त्याने काम करून द्यावे आणि सुई पुन्हा ४४०० च्या आसपास आलेली दाखवावी, किंवा दुरुस्तीच्या लेखी अंदाजाएवढी रक्कम आणि वर शाफ्टच्या जोखमीपोटी काही, किमतीतून वजा करावी. मी असतो तर दुसरा पर्याय घेतला असता. विकायला काढलेल्या बोटीचे काम माणूस स्वतःच्या बोटीसारखे करत नाही.

कृष्णाकाठ

मालकाने दुसरा पर्याय मान्य केला. बोट अठरा हजार नऊशेला ठरली. पण त्याआधी आम्ही दोघांनी मिळून मागचा भाग उघडला. बेअरिंगच्या रबराची एक पट्टी, करंगळीएवढी लांब, चिमटीत धरताच सुटून हातात आली. शाफ्टवर खोबण आहे, पण नख तिच्यावरून सरकते, अडकत नाही. थ्रस्ट बेअरिंगला हाताला जाणवेल असा खेळ नाही. इंपेलरच्या तीन पात्यांवर खाचा आहेत, सर्वांत मोठी तांदळाच्या दाण्याएवढी.

आता एकच शंका उरली आहे. रिंग मागवण्यापूर्वी इंपेलरच्या कडा दुरुस्त करून घ्याव्यात की आधी नवी रिंग बसवून पाहावी?

दहा-अकराचा पाना (टिमारू)

आधी इंपेलर. कडा भरून घासताना पात्याची टोकेही कमी-जास्त होतात आणि व्यास बदलतो; त्यामुळे दुरुस्त इंपेलर हातात आल्यावर त्याचा व्यास मोजा आणि मगच रिंग बसवा. संतुलनाची चिठ्ठी मागून घ्या. आणि प्लग अजून बाहेरच असतील तर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून इंजिन हाताने दोन फेरे फिरवून ठेवा. सुटे भाग यायला दोन आठवडे सहज लागतील.